दिघाशीला पोचलेला मिक्सर

काल्हेर

श्री. दीपेशराव यांस,

काल्हेरहून तुमच्या दाजींचा, म्हणजे केसरीनाथचा नमस्कार. तुमची, निशाची आणि म्हशीची तब्येत ठीक असेलच. मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे. पण मी खुशाल नाही.

गणपतीत तुम्ही आलात आणि मोदक खाता खाता माझ्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ते पैसे वाचवणारं एक्स्टेंशन बसवून गेलात. ("दाजी, कुपन तेच शोधतंय, भाव कवा उतरल तेबी सांगतंय.") त्यानंतर या घरात एक वस्तू धड विकत आलेली नाही. तुमच्या ताईचा मिक्सर नेमका तेव्हाच जळला. भिवंडीच्या दुकानातून आणला असता तर त्याच संध्याकाळी वाटण झालं असतं. पण मी पडलो सुधारलेला माणूस! रोज कोपऱ्यात पाटी यायची: थांबा, भाव उतरेल. मी थांबायचो. भाव उतरायचा, मग मी आणखी उतरेल म्हणून थांबायचो. कमळा पाट्यावर वाटत राहिली. (वाटता वाटता मला आणि तुम्हाला काय म्हणायची ते लिहीत नाही.)

शेवटी त्याने एक दणदणीत कुपन शोधलं, पण ते फक्त नव्या गिऱ्हाइकाला, नव्या पत्त्यावर. आमचा पत्ता नवा कुठून असणार? आमच्या घरामागच्या ऑनलाइन मालाच्या गोदामातले हमाल, ड्रायव्हर आणि त्यांचे मेहुणे सगळे आमच्याच घराचा पत्ता देऊन चपला नि चार्जर मागवतात. म्हणून मी डोकं चालवलं. नाव तुमच्या बायकोचं, निशाचं, पत्ता तुमच्या दिघाशीच्या घराचा. रविवारी जाऊन मिक्सर घेऊन यायचा. तुम्हाला फोन करायचा तेवढा राहिला. (मिक्सर बहुधा आमच्याच गोदामातून, माझ्या खिडकीसमोरून निघाला.)

तो पोचला नेमका तुमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशी. निशाने खोक्याला हळदकुंकू लावलं, आल्यागेल्या बायकांना दाखवलं. कमळा माझ्याबरोबर तिथेच होती. नवऱ्याने माहेरी न सांगता आहेर धाडला म्हणून तिला भरून आलं. घरी परतताना मी तोंड बंद ठेवायचं, तर मी म्हणालो की रविवारी जाऊन तो परत आणू. वास्तूचा आहेर परत! तिने एवढंच म्हटलं, "जेथं मिक्सर हाय तेथं मी जातंय. तुमी बसा भाव उतरवीत." दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुमच्याकडे आली. या सगळ्याला जबाबदार तुम्ही आहात.

तुमचा,
केसरीनाथ

ता. क. मिक्सर ठेवा. तो आहेरच होता असं सगळ्यांना सांगा.

ता. क. दुसरा. काल भिवंडीत नेहमीच्या दुकानात गेलो होतो, एक्स्टेंशनला न विचारता. दुकानदार म्हणाला, "भाभी को नहीं लाए? पसंद तो वही करती हैं." रिकाम्या हाताने परत आलो. तेव्हा कमळाला पाठवून द्या. मिक्सर निवडायला बोलावलंय, असं सांगा. तिच्यावाचून मला घरात करमत नाही, हे सांगू नका. सांगितलंत तरी चालेल.