दुखवट्याचं लुगडं

सोलापूर,
मार्गशीर्ष, शके १८५५

प्रिय बाळासो,

तुझं पत्र आणि सोबतचा अर्ज पोचला. अडलेला शब्द सोडून पुढे जायचं आणि फिरून त्याच्याकडे यायचं, अशीच मी एकटीने वाचायला शिकले. हा अर्जही तसाच वाचला. सरकारने मिळकतीवरचा कर काढून टाकावा आणि त्याऐवजी देशभर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मालावर कर बसवावा, असं तुझ्या व्यापारी अशिलांचं मागणं आहे. ज्याला कर नको त्याने विकत घेऊ नये, इतकं ते सरळ आहे, असं तू लिहिलंस. गल्लीतल्या बायकांचे अंगठे घेऊन पाठव, म्हणजे गरिबांनाही हे हवं आहे असं पुण्याच्या सभेत सांगता येईल, असंही. अर्ज बरेच दिवस फडताळात पडून होता. हल्ली कुठल्याच कामाला हात लवकर उचलत नाही.

इथलं चाललं आहे. गिरणीचा भोंगा झाला की उठते, चूल पेटवते. दोघांपुरतं पीठ मळायची सवय अजून गेलेली नाही. उरलेली भाकरी शेजारच्या फुलाबाईच्या पोरांना देते. त्या फुलाबाईचा नवरा गेल्या महिन्यात तापाने गेला. तिचा भाऊ सिदू सांगोल्याकडे मेंढरं राखतो. माहेरचं म्हणून दुखवट्याचं लुगडं घेऊन तो चालत आला. वेशीबाहेरच्या नाक्यावर नव्या कापडाला जकात पडते, अंगावरच्या कापडाला नाही. लुगडं घेऊन त्याच्या कनवटीला काही उरलं नव्हतं. मग बाभळीआड जाऊन त्याने घडी मोडली, काठ आत दुमडले आणि लुगड्याचाच एवढा मोठा फेटा डोक्याला गुंडाळून नाका ओलांडला.

भावकी जमली होती. सिदूने सगळ्यांदेखत फेटा सोडला आणि बहिणीपुढे धरला. आपण शहाणपणा केला असंच त्याला वाटत होतं. थोरला दीर म्हणाला, "पाव्हणं, दुखवट्याला कोरं लागतंय. डोईचं उतरून देता व्हय?" सिदू म्हणाला, "कोरंच हाय की. नाक्यापुरतं बांधलं हुतं." कुणीतरी हसलं. सिदूचा हात तसाच पुढे राहिला. मला ते बघवेना. मी घरी येऊन माझ्या पेटीतलं एक कोरं लुगडं काढलं आणि परत गेले, म्हटलं, हे पुढे करावं, वेळ निभावेल. पण तोवर फुलाबाई उठून उभी राहिली होती. दिरासमोर तिला कधी बोलताना मी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "माज्या भावाच्या डोईवरनं आलंय. मला ह्येच पायजे." घामाने आणि मेंढरांच्या वासाने भरलेलं ते लुगडं तिने तोंडाला लावलं, आणि नवरा गेल्यापासून न रडलेली बाई तेव्हा रडली. मी माझं लुगडं पदराखाली घेऊन परत आले.

अर्ज तसाच परत पाठवते आहे. त्यावर कुणाचा अंगठा नाही, माझी सही नाही. मिळकतीचा कर सिदूला कधी लागणार नाही, तेवढी त्याची मिळकतच नाही. पण दुखवट्याचं लुगडं त्यालाही घ्यावं लागतं. घेऊ नये असं त्याला कोण सांगणार? तू सांगशील? आणि माझ्या पेटीतलं ते लुगडं म्हणजे हे गेले तेव्हा तू नव्या पेठेतल्या दुकानातून नोकराकरवी पाठवलेलं. तुझा खटला उभा होता, मी जाणते. कापड उंची आहे. तरी त्याची घडी माझ्याने मोडवत नाही. तुझी सभा आटोपली की ये. दाराबाहेर उभा राहून ते एकदा डोक्याला गुंडाळ आणि मग आत ये. मी नेसेन.

तुझीच थोरली,
यशोदाअक्का