बाबांच्या खोलीत फुलं

यॉरिट,
फोन टेबलावरच विसरून गेलास, म्हणून लिहितेय. मी हॉस्पिटलात निघाले. वाटाण्याचं सूप शेगडीवर आहे, बसून खा.

बाबांचा फ्लू उतरला, पण त्यामागून फुफ्फुसात शिरलेली बुरशी औषधांना दाद देत नाही. ट्यूलिपच्या कुजलेल्या कंदांचा ढीग उपसायला तू लावलंस म्हणून हे झालं, असं मनात आणू नकोस. ते जन्मभर तेच करत आलेत.

आणि त्या नर्सवरचा राग सोड. फुलांमधूनही बुरशी येते, म्हणून तिने काल तुला ट्यूलिपसकट दारातूनच परत पाठवलं. तिचं कामच ते.

एवढं लिहीपर्यंत तिचाच फोन आला. म्हणाली, "मुलाला सांगा, फुलं आणली तरी चालतील आता."

सूप राहू दे. काचघरातली पिवळी काढ आणि तसाच ये.

आई