दिवाळ्याच्या मुलांची पंगत

बेलापूर, ८ जानेवारी १९८२

तीर्थरूप आईच्या पायांवर वामनचे डोके.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या शाळेत दिवाळे कोळीवाड्याची मुलं डब्यात सुकट आणतात. वास येतो म्हणून हेडमास्तरांनी त्यांना बाहेर जेवायला बसवलं. नववीतली गोजरा तर शाळाच सोडायला निघाली. तेव्हापासून मी माझी भाजीभाकरी घेऊन त्यांच्या पंगतीत बसतो.

हेडमास्तर म्हणाले, “वामनराव, माळकरी ना तुम्ही?”

मी म्हटलं, “सर, माळ गळ्यात आहे, नाकात नाही.”

बदली करतील अशी कुजबुज आहे. करू देत. गोजरा रोज येते आहे.

माझ्या गळ्यात माळ तू घातलीस, म्हणून तुला कळवलं. रागावलीस तरी उद्या मी तिथंच जेवणार.

तुझाच,
वामन