वरचे स्वर

४ मार्च, मंगळवार

लिफ्टवाल्यांचे वरचे स्वर आज पुन्हा चढे लागले. तीन वर्षं माझ्याकडे व्हायोलिन शिकताहेत. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून येतात, नखांत अजून ग्रीस असतं — पण खालचे स्वर काय सुरेख वाजवतात! वर गेले की बिघडलंच. मी आधी कौतुक केलं, मग हळूच चूक सांगितली, शेवटी पुन्हा कौतुक. मोठ्या माणसांना असंच सांगावं लागतं, नाहीतर ती यायचीच बंद होतात. त्यांनी कौतुक तेवढं घरी नेलं.

रविवारी निवृत्त होताहेत. निरोप समारंभात एकटे वाजवणार! 'घरात मांजर कोंडलंय' असं म्हणून बायको त्यांच्या वाजवण्याला चिडवत आली, तिला पहिल्या रांगेत बसवणार आहेत.

५ मार्च

सांगू की नको? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

७ मार्च, शुक्रवार

त्यांचं वाजवणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. म्हटलं, स्वतःच्या कानांनी ऐकू देत. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, बरोबरच वाटतंय. आता काय कपाळ फोडून घेऊ! मग मी तेच वाजवून दाखवलं, तेही रेकॉर्ड केलं. ते ऐकून गोंधळले. पुन्हा एकदा लावून ऐकलं.

शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, चारचौघांत वाजवू ना? खरं सांगा."

तोंडातून निघून गेलं, "इतक्यात नको."

"बरं. तुमच्या कानाला कळतं ते मला कुठं कळणार?"

व्हायोलिन पुसून पेटीत ठेवलं. मला रडू आलं. खरं बोलले आणि माणूस पार विझून गेला.

९ मार्च, रविवार

मी समारंभाला गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? संध्याकाळी त्यांच्या बायकोला फोन केला. भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. यांनी व्हायोलिन घरातून बाहेरच काढलं नाही, म्हणाली. चिडवत नव्हती.

१० मार्च

लेक आली. तिचं वाद्यं जुळवायचं दुकान आहे. दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली — त्यांना आता कसं समजवावं, विचारायला. तिने दोनदा ऐकली, स्वर मोजायचं यंत्र लावलं, मग माझा हात धरला.

"आई, त्यांचे वरचे स्वर बरोबर आहेत. तुझेच उतरलेत. कान दाखवून घेऊया."

त्यांचा नंबर तीनदा लावला, तीनदा ठेवला. माणूस निवृत्त एकदाच होतो.