कुणी नाही

भावजी,

त्या सकाळी मी अंगण झाडत होते आणि हे खीळ काढून गाडीच्या चाकाला वंगण घालत होते. तुम्ही घाईघाईने चढलात आणि बैल हाकलेत. हे मागे धावत ओरडले, "अरे, कुणी नाही! कुणी नाही!"

"मग बरंच की दादा, रस्ता मोकळा!" तुम्ही हसत म्हणालात. उतारावर हे गाडीच्या बाजूला पोचले, तोच चाक निसटलं आणि भरली गाडी यांच्यावर कलंडली. हे जागीच गेले.

दादानेच कुणी नाही म्हणून सांगितलं, असं तुम्ही अजून चारचौघांत सांगता. यांचे गाडीचे शब्द तुम्हाला अडाणी वाटायचे. आता त्याच शब्दांचं पुस्तक करताय, आणि राहिलेले शब्द भरायला यादी मलाच धाडलीत. जू आहे, धाव आहे, आरे आहेत. तो एक शब्द नाही.

नऊ वर्षं मी गप्प बसले. तुम्हाला सोसवणार नाही, असं वाटायचं. मला कसं सोसलं, ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

तुमची वहिनी

ता. क. हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीतच ठेवलं. दुसऱ्या दिवशी यादीखाली एक ओळ लिहून ती पोस्टात टाकली: 'कुणी : चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला घालतात ती खीळ.'