चोवीस मिलिलिटर जास्त

धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. (नको असतील तर वहिनीचे समजून घे, तिच्याशी तुझं भांडण नाही.) आम्हा दोघांच्या तब्येती बऱ्या आहेत. तुझ्या गुडघ्याची खबर तुझ्या मुलीकडून कळते, तुझ्याकडून कळली तर जास्त बरं वाटेल. अकरा वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा अक्षराकडे पाहू नकोस.

मुलाने आम्हाला आठ दिवस जहाजाच्या सफरीला धाडलं होतं. जिथे बघावं तिथे कोणीतरी खात होतं, आणि जो खात नव्हता तो पुढच्या खाण्याची वेळ विचारत होता. वहिनी रमली. मी रमलो तो जहाजावरच्या दुकानात, कारण तिथे तुझी ती धुरकट वासाची दारू दिसली. (तू ती चपलांच्या खोक्यात लपवायचास. मला ठाऊक होतं, मी कधी बोललो नाही, एवढं तरी मान्य कर.) मी थेंबाला शिवत नाही हे तू जाणतोस. तरी लिटर-लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या. कस्टम्सची सूट माणशी दोन लिटरची, म्हणजे हिशेब चोख होता.

पण वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचा लेबलावर विश्वास बसत नाही. या खोडीपायी काय होतं, ते तुझ्याइतकं कोण जाणतं? तुझ्या दुकानातला तराजू किलोमागे दहा ग्रॅम मारत होता, तो मी जप्त केला. भाऊ म्हणून आलास की साहेब म्हणून, असं तू विचारलंस, आणि मी पंचनाम्याचा कागद तुझ्यापुढे सरकवला. काटा झिजला होता, तू लबाड नव्हतास. हे मी अहवालात लिहिलं, तुला तोंडाने सांगितलं नाही. चुकलंच माझं.

तर, शेवटच्या दिवशी दुपारी मी जहाजावरच्या वाढप्याकडून तसलीच रिकामी बाटली मागून आणली. आपल्या बाटलीत दारू जिथवर होती तिथवर तिच्यात पाणी भरलं आणि शिक्क्याच्या मापाने मोजलं. (हो, माप सोबत नेलं होतं. दाढीच्या सामानात मावतं.) बाटलीमागे बारा मिलिलिटर जास्त! गिऱ्हाइकाला माल जास्त गेल्याची एकही केस माझ्या उभ्या नोकरीत झाली नव्हती. मला क्षणभर भरून आलं. मग लक्षात आलं की कस्टम्सच्या मर्यादेपेक्षा चोवीस मिलिलिटर जास्त घेऊन मी देशात शिरणार आहे. वहिनी म्हणाली, एक बाटली माझ्या पिशवीत टाका. मी म्हणालो, खरेदी माझ्या नावावर आहे. त्यावर ती जे म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

बंदरावर ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, ते हिरव्या पाटीखालून जातात. वहिनी त्या पाटीखालून, मला ओळखत नसल्यासारखी, निघून गेली. मी लाल पाटीखाली उभा राहिलो. टेबलामागे एक तरुण बाई होत्या, डबा नुकताच उघडलेला. मी सगळं सविस्तर सांगितलं, मोजणीचा तक्ताही दाखवला. “काका,” त्या म्हणाल्या, “तुम्ही त्या पाटीखालून जा ना. मी बघितलंच नाही असं समजा.” मी म्हणालो, ते समजायला मला जमणार नाही. त्यांनी वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी तक्ता दोनदा वाचला आणि माझ्या घरी कोण कोण असतं याची चौकशी केली. फॉर्मवर मिलिलिटरचा रकानाच नव्हता. शेवटी मीच एक बाटली सरकारजमा करायला टेबलावर ठेवली. तेव्हा त्या बाईंनी दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, आणि बाटली मला परत मिळाली. सगळं नियमाला धरून झालं. कळावे.

तुझा,
थोरला

ता. क. बाटल्या फडताळात आहेत, सील शाबूत. वहिनी त्यांच्यावरची धूळ पुसते आणि माझ्याकडे बघते.

ता. क. (दुसरा) नियमाला धरून झालं, असं वर लिहिलंय. तसं झालं नाही. त्यांचा पहिला प्रश्न, “कोणासाठी आणलीय?” मी म्हणालो, धाकट्या भावासाठी. दुसरा, “भेटतो का तो?” मी म्हणालो, बाहेरच उभा आहे, मला न्यायला आलाय. “मग त्याला ताटकळत कशाला ठेवताय,” म्हणून त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. सरकारी माणसासमोर केलेलं माझं हे पहिलं खोटं विधान. बाहेर आलो आणि, खोटं मीच बोललोय हे ठाऊक असून, गर्दीत तुला शोधलं. वहिनीने विचारलं, कोणाला शोधताय? म्हटलं, टॅक्सीला. म्हणजे दोन झाली. तिसऱ्याची वेळ आणू नकोस. रविवारी ये.