आर्द्रेचा तारा आणि तीन एकरांचे परहे

२८ मे, बुधवार
पुनारामदादाने काल परहे टाकले, लावणीच्या रोपांसाठी. रोहिणीतच, मृगाची वाट न बघता! विहिरीवर मोटर लावून, तीन एकरांचं धानाचं सगळं बियाणं एकदम. सुभद्रावहिनीने सकाळी फोनवर सांगितलं — खरं आहे. आणि कारण काय? माझा लेख! आर्द्रा आता बरसणार नाही, म्हणून रोवणा, म्हणजे लावणी, मृगातच उरकायचा म्हणे.

रविवारच्या पुरवणीत ताऱ्यांच्या आयुष्यावर लिहिलं होतं. वायूच्या ढगात जन्म, हायड्रोजन जाळत जगणं, जितका मोठा तारा तितकं लवकर संपणं. उदाहरणाला आर्द्रेचा तांबूस तारा घेतला. नाव तरी सगळ्यांच्या तोंडी आहे. म्हातारा झालाय, फुगलाय, एक दिवस फुटणार. ‘कदाचित लाखभर वर्षांनी’ हे शेवटच्या परिच्छेदात. ऐनवेळी जाहिरात आली, तो परिच्छेद उडाला. वर मथळा — ‘आर्द्रेचा अंत जवळ!’

कापणारा खालून कापतो, हे मी तीस वर्षं नव्या पोरांना सांगत आले. आणि स्वतः लाख वर्षं तळाशी ठेवली!

आता रोपं वीस-पंचवीस दिवसांत लावणीला येतील. तोवर बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पावसाने भरल्या नाहीत तर जागच्या जागी पिवळी पडतील. सबंध हंगाम — एका मथळ्यापायी.

२९ मे
पुरवणी पाहणाऱ्या मोहितला तीनदा फोन. “मॅडम, खुलासा कौन पढता है?” मी म्हटलं, माझा भाऊ वाचतो. रविवारी बघू म्हणाला.

३१ मे
गोंदियाकडच्या गोरेगावपर्यंत एसटी, पुढे गावच्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर. दादा बांधीतच होता.

“दादा, पाऊस ताऱ्यातून पडत नाही. त्या दिवसांत सूर्य त्या ताऱ्याकडे असतो, एवढंच.”

“मंग पेपरात कायले लिवलीस?”

“अरे, फुटायला लाख वर्षं आहेत!”

“लाख लिवलं होतं का?”

नव्हतं.

शेजारचे दुधराम बांधावरून ओरडले, “बाई, मृग त धडधाकट हाय ना? का त्याचंबी वय झालं?” दोघं खो-खो हसले. मी नाही.

वहिनी घरी म्हणाली, “मी सांगून सांगून थकली. कोणाचं ऐकते हा मानूस!” दादा म्हणे, रोवण्याला पाणी कमी पडलं तर मोटर आहे. तीन एकर मोटरवर! वीज किती तास असते ते त्याला मी सांगायचं?

१ जून, रविवार
खुलासा नाही. कुलरची जाहिरात आहे.

५ जून
गोंदियात ऑफिसलाच गेले. मोहितसमोर खुर्ची ओढून बसले. चार ओळी त्याच्याकडून टाइप करून घेतल्या, मग उठले. लाख वर्षं पहिल्या ओळीत.

८ जून, रविवार
छापून आला! चौकटीत, ठळक. वहिनीला फोन केला, दादाला वाचून दाखव म्हटलं. सुटले एकदाची.

९ जून
सकाळीच दादाचा फोन. आवाज चढलेला.

“काऊन छापलीस तू?”

“खोटं होतं म्हणून.”

“मले का समजत नाई? लाख वर्षांचं मले दुसऱ्याच दिवशी मास्तरनं सांगतलं होतं. आता तुई वहिनी सकाळपासून विचारून राहिली — तारा चांगला हाय, त मंग घाई कायची होती?”

मग हळू आवाजात सांगितलं.

मे महिन्यात नागपूरला वहिनीच्या तपासण्या झाल्या, त्या दादा सगळ्यांना सांगत होता तशा साध्या नव्हत्या. कॅन्सर आहे. डॉक्टरांनी त्याला एकट्याला सांगितलं. २५ जूनला भरती करायचं, मग ऑपरेशन. पुढे किती महिने ते माहीत नाही. त्याआधी रोवणा उरकायचा होता. वहिनीला सांगायला कारण हवं होतं. ते पेपरात मिळालं.

गुरुवारी जाते आहे. सांगणार तोच. मी वहिनीजवळ बसायचं, असं ठरलंय.